माय नेटिव्ह प्लेस

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी एक निबंध ठरलेला असायचा, 'माय नेटिव्ह प्लेस'. दहा ओळी. माझ्या दहा ओळी पाठ होत्या. माझं गाव श्रीवर्धन, ते रायगड जिल्ह्यात आहे, समुद्रकाठी आहे, तिथे नारळ-सुपारीच्या बागा आहेत, आणि शेवटी 'आय लव्ह माय नेटिव्ह प्लेस व्हेरी मच'. दहापैकी आठ मार्क कुठे गेले नाहीत. गंमत अशी, की दुसरीच्या सुट्टीनंतर मी श्रीवर्धनला गेलेच नव्हते! आजी गेली, घराला कुलूप लागलं आणि गाव निबंधापुरतं उरलं.

तुमच्यापैकी निम्म्यांचं असंच असणार. राहणार कोथरूड, मूळ गाव गुहागर. राहणार सिंहगड रोड, मूळ गाव हर्णे. आपल्याला गाव 'असतं', आपण गावाला 'असतोच' असं नाही. तरी कुणी विचारलं की छाती फुगवून सांगतो, आम्ही मूळचे कोकणातले. (हा लेख मराठीत लिहिण्याचा हट्ट माझाच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतीलच, उरल्या त्या माझ्या.)

तर डिसेंबरात थिअरी संपली आणि नेहमीप्रमाणे गोव्याचा प्लॅन फसला. बजेट पाच जणांचं मिळून एका जणाचं होतं. मग कुणीतरी श्रीवर्धन काढलं. ताम्हिणीतून गेलं की १६० किलोमीटर, गर्दी कमी, घरगुती राहण्या-जेवणाची सोय स्वस्त. मी गप्प. बुकिंग लातूरच्या मैत्रिणीने फोनवर केलं, गाडी मेकॅनिकलच्या मित्राच्या बाबांची. माणगावला मिसळ खाताना मी शेवटी सांगून टाकलं, की माझं गाव हेच. सगळे ओरडलेच, "मग खोलीचे पैसे कशाला घालवतोय? तुझ्या घरी राहू ना!" मी म्हटलं, घर बंद आहे, वादळात कौलं उडाली. आणि प्लीज, तिथे कुणाला सांगू नका. का म्हटलं ते मलाच नीट माहीत नव्हतं.

म्हसळा मागे पडलं, उतार लागला आणि माड दिसायला लागले. आमचा पत्ता एका पाखाडीतला निघाला. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. गाडी थांबली तिथून दोन घरं सोडून एक निळं दार दिसलं. रंग उडालेला, पण निळंच. त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून मी आंब्याची कोय चोखलेली आहे, एवढं एकच मला स्वच्छ आठवत होतं.

आता यजमानीण काकू वही घेऊन आल्या. आधार कार्ड हवं, एकाचं चालेल. मी पुढे झालेच नाही. लातूरचं आधार दिलं गेलं, आणि मी माझ्याच आळीत 'पुण्याहून आलेले पाच गेस्ट' यातली एक झाले.

पहिला दिवस टुरिस्टासारखाच गेला. बीचवर फोटो, जीवना बंदरावर होड्या, रात्री सोलकढी. मधे मित्राने हौसेने गाडी वाळूत घातली आणि चाकं रुतली. तिथल्या चार मुलांनी फळ्या घालून अर्ध्या तासात बाहेर काढली आणि पाचशे रुपये मागितले. परतताना आमचा मित्र "लुटतात हो हे लोक" म्हणत होता. पुण्यात टोइंगवाल्याला मुकाट्याने पैसे देणारा हाच गडी! वाळूत गाडी घालायला त्या मुलांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे गेलो. तिथे पेशव्यांचं स्मारक आहे. बाळाजी विश्वनाथ भट, म्हणजे पहिल्या बाजीरावाचे वडील, इथले. सिद्द्याशी बिनसलं म्हणून घाटावर आले, १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवाई दिली, आणि पुढे मुलाने पुण्यात शनिवारवाडा बांधला. हे मला लातूरच्या मैत्रिणीने वाचून दाखवलं. मी रोज शनिवारवाड्यावरून बस बदलते. "तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. माझ्या दहा ओळींमध्ये हे नव्हतं. एक मात्र वाटलं, की श्रीवर्धन सोडून पुण्याला जाण्याची चाल आमच्या घराण्याने सुरू केलेली नाही. तेवढाच दिलासा.

खरी गोष्ट दुपारची. काकूंना विचारलं, वाडी दाखवाल का? त्या आनंदाने निघाल्या. घराच्या मागे सुपारीची बाग... मंडळी, मी थर्ड इयर सिव्हिलला आहे. ओपन चॅनल फ्लो मी घोकलाय, मॅनिंगचं सूत्र झोपेत लिहू शकते. पण विहिरीवरून निघालेला हातभर रुंद पाट, पुढे प्रत्येक झाडाच्या आळ्याकडे फुटणारी त्याची बोटं, आणि फावड्याच्या एका ओंजळभर मातीने इकडचं पाणी तिकडे वळवणाऱ्या काकू, हे पाहिलं तेव्हा उतार म्हणजे काय ते मला पहिल्यांदा समजलं. मी त्याला 'कॅनाल' म्हटलं तेव्हा त्या खूप हसल्या. "इंग्लिश मीडियम का?"

अंगणात सुपारी वाळत घातली होती. चांगली वाळायला दीड महिना ऊन लागतं म्हणे. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला, हे मला ऐकून माहीत. पण झाडाला पोफळ म्हणतात आणि सुपारी हे तिचं फळ, हे मला विसाव्या वर्षी कळलं. पोफळीला सावली लागते, हेही. नवीन रोप लावलं की शेजारी केळ लावायची, म्हणजे त्याला ऊन लागत नाही. मोठ्या झाडांनाही शेजारच्या झाडांचा आडोसा हवा असतो. उघड्यावर आली की खोड उन्हाने भाजतं.

"वादळात तसंच झालं," काकू म्हणाल्या. "पडली ती पडली. उभी राहिली, ती पुढच्या दोन उन्हाळ्यांत करपून गेली."

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच जमिनीवर आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा. पुण्यातही त्या दिवशी झाडं पडली होती. आमच्या सोसायटीतला गुलमोहोर पडला आणि आम्ही ग्रुपवर फोटो टाकले. इथे काकूंनी दुपारभर माजघरात बसून एकेक पोफळ मोडल्याचा आवाज ऐकला. सव्वा महिना वीज नव्हती. त्यात लॉकडाऊन.

मग बागेच्या टोकाला आलो. पलीकडे दुसरी वाडी. थोडी उभी झाडं, बाकी रान. काकू सहज म्हणाल्या, "ही पुण्यावाल्यांची."

माझ्या पोटात गोळा आला. मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. मी डोळ्यांनी तिला गप्प केलं.

"म्हातारी होती तोवर काय सुंदर वाडी होती ही! आता कोणी येत नाही. वादळानंतर आले होते, ई-पास काढून. दोघं भाऊ. पंचनाम्याला फोटो हवा होता. उभ्या उभ्या फोटो काढले, तलाठ्याला भेटले, चहासुद्धा न घेता गेले. यांच्या वाडीतली झाडं आमच्या पाटावर आडवी. पाणी पुढे जाईना. फोन केला तर म्हणतात, माणसं लावा, हिशोब करू. आमच्या यांनी माणसं लावली, चार दिवस करवत चालली. हिशोब अजून व्हायचाय." आणि वर म्हणाल्या, "वाईट नाहीत हो माणसं. लांब आहेत."

ते दोघं भाऊ म्हणजे माझे बाबा आणि माझे काका. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. बाबा रात्री दमून परतले आणि आम्ही त्यांना कोपऱ्यातल्या बादलीत कपडे टाकायला लावले, सॅनिटायझर दिला, हे मला आठवतं. किती लांब जाऊन आले बिचारे, असं वाटलं होतं. वाटलं होतं की ते गावाला मदत करायला गेले.

त्या रात्री मी झोपले नाही. इंजिनियरिंगची मुलगी, म्हणून हिशोब केला. सरकारने आधी बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर केले होते. ऐकायला मोठा आकडा. पण कोकणातल्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. आमची नऊ गुंठे. त्याचे होतात साडेचार हजार. लोकांनी ओरड केल्यावर झाडामागे देण्याचं ठरलं, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. पन्नास रुपयांत आपल्या कँटीनला एक डोसा येतो. आणि पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. आमच्या पडलेल्या झाडांचे जे काही पैसे आले, ते बाबा आणि काकांच्या खात्यात आले. त्याच झाडांचे ओंडके ओढणाऱ्या माणसांची मजुरी दिली काकूंच्या घराने. म्हणजे वादळात आम्ही फायद्यात राहिलो! थोडेच, पण फायद्यात.

तिसऱ्या दिवशी निघताना मी स्वयंपाकघरात गेले आणि सांगून टाकलं. मी त्या निळ्या दाराच्या घरातली. अमक्या आजीची नात.

काकूंनी गॅस बारीक केला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काल बोललीस का नाही गो?"

दोन दिवस त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या, 'ताई' म्हणत होत्या. एका वाक्यात 'तू' झाले आणि वर 'गो'. सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. मी बिलाचे पैसे पुढे केले तर म्हणाल्या, आता तुझ्याकडून कसले पैसे घेऊ? मी हट्टाने दिले. पूर्ण दिले. आणि त्यांनी घेतले, याचं मला बरं वाटलं.

हा लेख खरं तर त्या बिलासाठी आहे.

आपण 'आपलं गाव' म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? चाकरमानी माणूस गणपतीला, शिमग्याला जातो, शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवतो, येताना नारळ, तांदूळ, आमसुलं घेऊन येतो. पैशांचं कुणी बोलत नाही. आपल्यातल्या आपल्यात कसले पैसे! हे फार गोड आहे, जोवर जाणं-येणं आहे तोवर. आजी होती तेव्हा ती काकूंच्या मुलांना सांभाळायची, काकू आजीला पंप लावून द्यायच्या. हिशोब मांडलेला नव्हता, पण तो चालू होता. आजी गेली तेव्हा आमच्याकडून जाणारं सगळं थांबलं. येणारं मात्र थांबलं नाही. आजही आमच्या वाडीतली जी थोडी झाडं उभी आहेत त्यांना पाणी काकूंच्या पाटातून जातं. कोण सोडतं? त्याच. "आपली नसली तरी झाडंच ना," म्हणाल्या.

याउलट टुरिस्ट येतो, खोलीचे देतो, जेवणाचे देतो, विचारतो, पाहतो आणि जातो. त्याचं देणं रविवारी दुपारी संपतं. तो कचरा करतो, बीचवर गाडी घालतो, रात्री बारापर्यंत स्पीकर लावतो, हे सगळं मान्य, आम्हीही काही संत नव्हतो. पण गावावर हक्क सांगत नाही. माझं म्हणणं तुम्हाला पटेल न पटेल, पण मला आता वाटतं, की श्रीवर्धनला पाच टुरिस्ट जेवढे महाग पडतात त्यापेक्षा आमच्यासारखी एक 'मूळची इथली' फॅमिली जास्त महाग पडते.

यावर कुणी म्हणेल, टुरिस्टांवर गाव जगवायचं का? तीही भीती खरी आहे. शेजारच्या दिवेआगरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९७ साली तिथे एका वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि गावात घरोघरी खोल्या झाल्या. २०१२ च्या मार्चमध्ये तो चोरीला गेला, दोन राखणदारांचे जीव गेले, आणि गर्दी ओसरली. पुन्हा मूर्ती बसायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. पाहुण्यांचा काही भरवसा नाही. काकूंनाही हे माहीत आहे. म्हणून तर खोल्या भाड्याने देऊन त्या पैशांतून त्यांनी पुन्हा पोफळी लावल्या, केळीच्या सावलीत. पाच वर्षांची झाडं झाली आहेत. खोल्या हे त्यांचं मधल्या वर्षांचं पोट आहे, बाग हा खरा धंदा.

इटलीतल्या व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरतं येणाऱ्यांना पाच युरोंचं तिकीट लावलं. व्हेनिसमध्ये जन्मलेल्यांना ते माफ आहे. मी विचार केला, उद्या श्रीवर्धनच्या नाक्यावर असं तिकीट लागलं तर मी काय सांगणार? जन्म पुण्याच्या हॉस्पिटलातला. आधार पुण्याचं. फक्त आडनाव तिथलं. मला वाटतं मुकाट्याने तिकीट काढावं.

आता घरातलं महाभारत. घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. आधी चिडले. "त्यांनी बिल पाठवायला हवं होतं." मग म्हणाले, "अगं, ती जागा म्हणजे नुसती डोकेदुखी झालीय." डोकेदुखी खरी आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातली दोन माणसं हयात नाहीत, एक अमेरिकेत. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे पूल होणार म्हणून एजंटांचे फोन सुरू झालेत. एक पार्टी तयार आहे, समुद्र जवळ असलेला प्लॉट हवाय, रिसॉर्ट काढायचंय. पाट मधोमध जातो असं सांगितलं तर म्हणे, "तो बुजवून टाकू." बुजवला की पुढे काकूंच्या खालच्या बागेला पाणी कसं जाणार? हे विचारायला नकाशात पाट दाखवलेलाच नाही. पाट सातबाऱ्यावर नसतो.

माझं मत मी घरात मांडलं, इथेही मांडते. विकायचीच असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा, आणि भाव बागेचा लावा, रिसॉर्टचा नाही. विकायची नसेल तर करायला त्यांना द्या, लेखी द्या, म्हणजे उद्या त्यांनी लावलेल्या झाडांवर आपण हक्क सांगायला जाणार नाही. आणि या दोन्हींच्या आधी करवतीचे चार दिवसांचे पैसे द्या. काका म्हणाले, ही कॉलेजातली मुलं फार भावनिक होतात. मला यात भावना कुठे आहे तेच कळलं नाही, मी तर हिशोबाचं बोलत होते! आजीची आठवण काढून रडणं आमच्या घरात सगळ्यांना जमतं. पाचशे रुपये रोजाप्रमाणे चार माणसांचे चार दिवसांचे आठ हजार होतात, हे मात्र कुणाला जमत नाही. माझी सही लागत नाही, त्यामुळे माझं मत हे फक्त मत आहे.

तुमच्याकडे असं निळं दार असेल तर एकदा टुरिस्ट म्हणून जाऊन बघा. नातं न सांगता. खोली घ्या, पैसे द्या, आणि शेजाऱ्यांना सहज विचारा, की ही पलीकडची जागा कुणाची हो? जे ऐकाल ते तुमच्या घरातल्या गणपतीच्या फोटोंमध्ये नसेल. कदाचित माझ्यापेक्षा चांगलं ऐकायला मिळेल. तसं झालं तर पुढच्या अंकात जरूर लिहा.

सेमिस्टर संपल्यावर मे महिन्यात मी परत जातेय, काकूंकडेच. ॲडव्हान्स पाठवला. तो माझा पॉकेटमनी आहे, बाबांचा नाही. बाबा म्हणाले, "स्वतःचं घर असताना भाड्याने राहणार?" मी म्हटलं, "बाबा, कौलं नाहीत." त्यावर काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एकदम विचारलं, "विहिरीवरचा रहाट आहे का गं अजून?"

रहाट नाही, पंप आहे. आणि तो काही काल बसवलेला नाही. म्हणजे २०२० साली फोटो काढायला गेले तेव्हा बाबा विहिरीपर्यंत गेलेच नव्हते.